वाचकांचे प्रश्न: कोणता पदार्थ आधी संपतो आणि उतारा किती येतो?

रासायनिक अभिक्रियांच्या हिशेबाविषयी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या वेळी घेतली आहेत. अभिक्रियेत जो पदार्थ सर्वांत आधी संपतो आणि ज्याच्या संपण्याने अभिक्रिया थांबते, त्याला मर्यादक अभिक्रियाकारक म्हणतात; अकरावीच्या वर्गात तोच लिमिटिंग रिएजंट या नावाने भेटतो. त्याच्या प्रमाणावरून कागदावर जेवढे उत्पादित निघते, त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात किती हाती लागले, ते उतारा किंवा यील्ड या टक्केवारीत सांगतात. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. प्रश्नांचा आशय तोच ठेवला आहे.

प्रश्न : मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि आता अकरावी विज्ञानाला आहे. "५.६ ग्रॅम लोह आणि ४ ग्रॅम गंधक एकत्र तापवले तर आधी काय संपेल?" या प्रश्नाला मी "गंधक" असे उत्तर लिहिले, कारण ते वजनाने कमी आहे. उत्तरसूचीत "लोह" दिले आहे. जे जास्त घेतले तेच आधी कसे संपते? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : उत्तरसूची बरोबर आहे, आणि तुला पडलेला प्रश्नही अगदी योग्य जागी पडला आहे. तराजूवर आपण वस्तुमान मोजतो. अणू मात्र एकमेकांशी जोडले जातात ते संख्येच्या हिशेबाने. लोहाचा एक अणू गंधकाच्या एका अणूशी जोडला जाऊन आयर्न सल्फाइड तयार होते. लोहाचा अणू गंधकाच्या अणूहून जड आहे. त्यांची अणुवस्तुमाने अनुक्रमे ५६ आणि ३२ आहेत. मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक आहे; ग्रॅममधील वस्तुमानाला अणुवस्तुमानाने भागले की मोल मिळतात. त्यामुळे ५.६ ग्रॅम लोह म्हणजे ०.१ मोल, तर ४ ग्रॅम गंधक म्हणजे ०.१२५ मोल. वजनाने कमी असलेले गंधक कणांच्या संख्येने जास्त आहे, म्हणून लोह आधी संपते. ०.१ मोल आयर्न सल्फाइड, म्हणजे ८.८ ग्रॅम, तयार होते आणि ०.०२५ मोल, म्हणजे ०.८ ग्रॅम, गंधक शिल्लक राहते. आरंभी एकूण ९.६ ग्रॅम होते, शेवटीही ८.८ आणि ०.८ मिळून ९.६ ग्रॅमच आहेत. हा ताळा प्रत्येक गणिताच्या शेवटी करण्याची सवय लावून घे. परीक्षेत तो अर्ध्या मिनिटात होतो आणि चूक असेल तर ती तिथेच सापडते.

ग्रॅमचे मोल केले की काम संपले असे मात्र नाही, आणि बरेच विद्यार्थी नेमके या टप्प्यावर अडखळतात. संतुलित समीकरणातील गुणांकही, म्हणजे प्रत्येक पदार्थाच्या सूत्राआधी लिहिलेले आकडेही, हिशेबात धरावे लागतात. रेल्वेचे रूळ जागेवर जोडण्यासाठी थर्मिट अभिक्रिया वापरतात, तिचे उदाहरण घेऊ. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि रूळ जोडण्याची ही पद्धत भारतीय रेल्वेवर आजही चालते. फेरिक ऑक्साइडचा १ मोल आणि ॲल्युमिनियमचे २ मोल यांच्यापासून लोहाचे २ मोल आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचा १ मोल मिळतो. समज, ८०० ग्रॅम फेरिक ऑक्साइड आणि २४३ ग्रॅम ॲल्युमिनियम घेतले. ऑक्साइडचे ५ मोल झाले आणि ॲल्युमिनियमचे ९. ॲल्युमिनियमचे मोल जास्त दिसतात, पण ५ मोल ऑक्साइडला १० मोल ॲल्युमिनियम लागते आणि आपल्याकडे ९ आहेत. म्हणून मर्यादक ॲल्युमिनियमच. त्यापासून ९ मोल, म्हणजे ५०४ ग्रॅम, लोह आणि ४.५ मोल, म्हणजे ४५९ ग्रॅम, ॲल्युमिनियम ऑक्साइड मिळते, आणि ८० ग्रॅम फेरिक ऑक्साइड तसेच राहते. बेरीज १०४३ ग्रॅम, सुरुवातीचीही तेवढीच.

शिकवणीत एक युक्ती सांगतात: प्रत्येक पदार्थाच्या मोलला त्याच्या गुणांकाने भागावे आणि ज्याचा भागाकार सर्वांत लहान येईल तो मर्यादक धरावा. युक्ती बरोबर आहे. ती का चालते तेही ध्यानात असू दे. तो भागाकार म्हणजे उपलब्ध साठ्यात समीकरण किती वेळा पूर्ण घडू शकते ती संख्या. ऑक्साइडच्या साठ्यात ते ५ वेळा घडू शकते, ॲल्युमिनियमच्या साठ्यात ४.५ वेळा. दोन्ही पदार्थ लागणार असल्यामुळे ४.५ च्या पुढे जाता येत नाही. हे समजले की तीन किंवा चार अभिक्रियाकारक असलेल्या गणितातही गोंधळ होणार नाही. प्रत्यक्ष रूळजोडणीच्या मिश्रणात लोहाची निरनिराळी ऑक्साइडे, पोलादाचे तुकडे आणि मिश्रधातूंचे घटकही असतात, पण तिथेही ॲल्युमिनियमचे प्रमाण काटेकोर ठेवावे लागते, कारण जास्तीचा ॲल्युमिनियम जोडाच्या पोलादात उरला तर त्या पोलादाचे गुणधर्म बदलतात.

प्रश्न : दोन्ही पदार्थ एकाच वेळी संपले तर मर्यादक कोणाला म्हणायचे? – एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : समीकरणात आहे नेमके त्याच प्रमाणात पदार्थ घेतले असतील तर दोन्ही एकदम संपतात आणि वेगळा मर्यादक सांगण्याची गरज उरत नाही, कोणत्याही एकावरून हिशेब केला तरी उत्पादित तेवढेच निघते. उत्तरपत्रिकेत "दोन्ही अभिक्रियाकारके समीकरणाच्या प्रमाणात आहेत" असे स्पष्ट लिहावे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. शाळेत आम्ले, ब्युरेट असे साहित्य फारसे नाही. मर्यादक अभिक्रियाकारक ही कल्पना मुलांना हिशेबाशिवाय डोळ्यांनी दाखवता येईल का? – एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : नक्की दाखवता येईल, आणि हिशेबाच्या आधी ती दाखवावी असे आमचेही ठाम मत आहे. किराणा दुकानातील व्हिनेगर, खाण्याचा सोडा, पाण्याच्या पाच रिकाम्या बाटल्या आणि पाच सारखे फुगे एवढे साहित्य पुरते. व्हिनेगरच्या बाटलीवर ॲसिटिक आम्लाचे प्रमाण छापलेले असते. ते ४ टक्के आहे असे धरू. प्रत्येक बाटलीत ५० मिलिलिटर व्हिनेगर घ्यावे. सराफाच्या काट्यावर १५ ग्रॅम सोडा तोलून आणावा, कागदावर पट्टीने त्याचे पंधरा सारखे ढीग करावेत आणि पाच फुग्यांत अनुक्रमे एक, दोन, तीन, चार आणि पाच ढीग भरावेत. फुगे बाटल्यांच्या तोंडांवर घट्ट बसवावेत आणि सगळे एकदम उभे करून सोडा आत पाडावा.

पहिला फुगा थोडा फुगेल, दुसरा त्याच्या साधारण दुप्पट, तिसरा आणखी मोठा होईल. चौथा आणि पाचवा मात्र तिसऱ्याएवढेच फुगून थांबतील. इथे मुलांना लगेच उत्तर सांगू नये. सोडा जास्त घालूनही फुगा का वाढला नाही, यावर त्यांना बोलू द्यावे. मग फुगे काढून प्रत्येक बाटलीतील थोडा द्रव दोन पेल्यांत घ्यावा. एका पेल्यात चिमूटभर सोडा टाकावा, दुसऱ्यात थोडे ताजे व्हिनेगर ओतावे. पहिल्या दोन बाटल्यांतील द्रव सोडा टाकल्यावर फसफसेल, म्हणजे तिथे आम्ल उरले होते आणि सोडा संपला होता. शेवटच्या दोन बाटल्यांतील द्रव व्हिनेगर ओतल्यावर फसफसेल, म्हणजे तिथे सोडा उरला होता. पुष्कळ ठिकाणी हा प्रयोग फुग्यांवरच थांबवतात, पण काय उरले ते तपासल्याशिवाय काय संपले हे सिद्ध होत नाही. उरलेला सोडा पाण्यात विरघळलेला असल्यामुळे तो तळाशी दिसेलच असे नाही. म्हणून ही दुसरी पायरी गाळू नये.

आपल्यासाठी हिशेब असा : ५० मिलिलिटरमध्ये सुमारे २ ग्रॅम ॲसिटिक आम्ल, म्हणजे २ भागिले ६०, सुमारे ०.०३३ मोल. सोड्याचे रेणुवस्तुमान ८४ असल्यामुळे त्याला २.८ ग्रॅम सोडा पुरतो. म्हणूनच तिसऱ्या बाटलीपासून आम्ल मर्यादक होते. तेवढ्यातून ०.०३३ मोल कार्बन डायऑक्साइड निघतो. खोलीच्या तापमानाला त्याचे आकारमान साधारण ८०० मिलिलिटर भरते. त्यातला थोडा वायू द्रवात विरघळतो, त्यामुळे फुग्यात याहून किंचित कमी येतो.

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात मी २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड आणि ५ मिलिलिटर ॲसेटिक ॲनहायड्राइड घेऊन ॲस्पिरिन बनवले. मला २.९ ग्रॅम पदार्थ मिळाला आणि उतारा १११ टक्के निघाला. सरांनी वहीवर "पुन्हा पाहा" एवढेच लिहिले. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम पाळला जात असताना असे कसे घडते? – एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी मर्यादक ठरवू. सॅलिसिलिक ॲसिडचे रेणुवस्तुमान १३८, म्हणून २ ग्रॅम म्हणजे ०.०१४५ मोल. ॲनहायड्राइडची घनता दर मिलिलिटरला १.०८ ग्रॅम आणि रेणुवस्तुमान १०२, म्हणून ५ मिलिलिटर म्हणजे ५.४ ग्रॅम, ०.०५३ मोल. दोघांची अभिक्रिया एकास एक होते, तेव्हा सॅलिसिलिक ॲसिड मर्यादक आहे आणि ॲनहायड्राइड गरजेच्या साडेतीन पटींहून अधिक आहे. ते मुद्दाम जास्त घेतात, कारण तेच द्रावकाचेही काम करते आणि भांड्यातील ओलाव्याशी त्याची थोडी अभिक्रिया होऊन गेली तरी हिशेब बिघडत नाही. ॲस्पिरिनचे रेणुवस्तुमान १८० असल्यामुळे सैद्धांतिक उत्पादन २.६१ ग्रॅम येते. २.९ ला २.६१ ने भागल्यास १११ टक्के निघतात. तुमचा भागाकार बरोबर आहे.

आता मुख्य मुद्दा. बरेच विद्यार्थी "अभिक्रिया पूर्ण झाली नाही, कच्चा माल मिसळला असेल" असे कारण लिहितात. या प्रयोगात ते कारण चालणार नाही. सॅलिसिलिक ॲसिड तसेच राहिले तर त्याचे वजन त्यापासून बनणाऱ्या ॲस्पिरिनपेक्षा कमीच असते. अजिबात अभिक्रिया झाली नाही आणि सगळेच्या सगळे परत मिळाले, तरी काट्यावर २ ग्रॅमच दिसतील. म्हणजे मर्यादक पदार्थ उरल्यामुळे उतारा १०० च्या वर जाऊच शकत नाही. जास्तीचे वजन दुसरीकडून आलेले असले पाहिजे, आणि तुमच्या प्रयोगात ते बहुधा पाणी आहे, त्यासोबत थोडे ॲसेटिक ॲसिड. स्फटिक गाळून लगेच तोलले की असे घडते. ते गाळणकागदावर पसरून, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणारा पदार्थ असलेल्या बंद भांड्यात, ठेवून वाळवावेत आणि ठरावीक वेळाने तोलत राहावे; लागोपाठ दोन वजने सारखी आली की तेच वजन वहीत लिहावे. घाईने जास्त तापवू नये, कारण ओल्या ॲस्पिरिनचे उष्णतेत जलअपघटन (पाण्याने विघटन) होऊन पुन्हा सॅलिसिलिक ॲसिड तयार होते. सॅलिसिलिक ॲसिड उरले आहे का हे फेरिक क्लोराइडचा एक थेंब सांगतो : जांभळा रंग आला तर ते आहे.

पुरेसे वाळवल्यावर तुमचा उतारा ६० ते ८० टक्क्यांवर आला तर निराश होऊ नका. स्फटिक धुताना किती पाणी वापरले ते आठवा. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात साधारण ३ ग्रॅम ॲस्पिरिन विरघळते. १०० मिलिलिटर पाणी सढळ हाताने ओतले तर ०.३ ग्रॅम, म्हणजे सैद्धांतिक उत्पादनाच्या ११ टक्क्यांहून अधिक, गाळलेल्या पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणूनच बर्फाचे पाणी आणि तेही थोडे वापरा, असे कृतीत लिहिलेले असते. चंचुपात्राच्या काचेला, काचकांडीला आणि गाळणकागदाला चिकटलेला पदार्थ वेगळाच. वहीत "उतारा कमी आला" असे लिहून थांबण्याऐवजी कोणत्या पायरीवर अंदाजे किती गेले ते लिहा. सरांनी "पुन्हा पाहा" म्हटले त्यामागे हीच अपेक्षा असावी.

प्रश्न : मी एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करतो. आमच्याकडे साखरेचा उतारा आणि अल्कोहोलचा उतारा हे दोन्ही शब्द रोज वापरले जातात. ते आणि रसायनशास्त्रातील टक्केवारी एकच आहेत का? आणि फर्मेंटेशनमध्ये मर्यादक काय धरायचे, साखर की यीस्ट? – एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : दोन्ही सारख्या नाहीत, कारण त्यांचे छेद वेगळे आहेत. साखर उतारा ११.५ टक्के म्हणजे १ टन उसापासून ११५ किलो साखर मिळाली. इथे भागायचे ते उसाच्या वजनाने, आणि उसात बहुतांश पाणी आणि तंतू असतात. शिवाय साखर तयार करणे ही रासायनिक अभिक्रिया नाही. उसात असलेली साखर आपण बाहेर काढतो. रसायनशास्त्राच्या टक्केवारीशी जुळणारी संख्या हवी असेल तर त्या टनात मुळात साखर किती होती ते पाहावे. ती १३५ किलो असेल तर ११५ भागिले १३५, म्हणजे सुमारे ८५ टक्के साखर हाती आली. उरलेली बगॅसमध्ये (उसाच्या चोथ्यात), प्रेसमडमध्ये (रस गाळताना उरणाऱ्या गाळात) आणि सर्वांत जास्त मोलॅसिसमध्ये (मळीत) जाते. थोडा भाग असा असतो की तो कुठे गेला ते सापडत नाही, आणि कारखान्याच्या ताळेबंदात त्यासाठी वेगळा रकाना ठेवलेला असतो. हा रकाना ठेवण्यामागचा प्रामाणिकपणा आमच्या महाविद्यालयीन प्रयोगवह्यांतही यावा असे मनापासून वाटते.

डिस्टिलरीत मात्र खरी अभिक्रिया घडते. सुक्रोजचे आधी पाण्याशी संयोगाने ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि त्या साध्या साखरेच्या १८० ग्रॅमपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे साखरेच्या वजनाच्या ५१.१ टक्के इथेनॉल, ही कागदावरची कमाल मर्यादा. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-लुसॅक यांचे नाव या समीकरणाला दिले जाते. इथेनॉलची घनता ०.७८९ धरली तर १ किलो किण्वनक्षम, म्हणजे यीस्टला आंबवता येणाऱ्या, साखरेपासून जास्तीत जास्त ०.६४८ लिटर मिळू शकते. १ टन मोलॅसिसमध्ये अशी साखर ४० टक्के असेल तर कमाल २५९ लिटर. आपल्याला २३० लिटर मिळाले तर उतारा ८९ टक्के झाला. मोलॅसिसच्या टनामागे लिटर ही संख्या व्यवहाराला उपयोगी आहे, पण दोन दिवसांच्या कामाची तुलना करायची असेल तर तिचा उपयोग नाही, कारण मोलॅसिसमधील साखर रोज बदलते. तुलना ८९ या संख्येचीच करावी.

मर्यादक साखरच धरायची. पाणी मुबलक असते. यीस्ट अभिक्रियाकारक नाही. तिच्यातील विकरे (एन्झाइम) अभिक्रिया घडवून आणतात आणि समीकरणाच्या डाव्या बाजूला यीस्ट येत नाही. यीस्ट अशक्त असली, युरिया किंवा डीएपीसारखे पोषण कमी पडले किंवा टाकीचे तापमान चढले तर वेग मंदावतो आणि बरीच साखर न वापरता राहते, पण कमाल मर्यादा बदलत नाही. सगळे उत्तम चालले तरी पूर्ण १०० टक्के मिळत नाहीत, कारण यीस्ट सजीव आहे. ती वाढते, स्वतःच्या पेशी घडवते आणि ग्लिसरॉल व सक्सिनिक आम्लही तयार करते. लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास मोजमाप करून दाखवले की सुमारे ५ टक्के साखर अशा कामांत जाते. म्हणून ९५ च्या आसपासची संख्या ही सजीव किण्वनाची खरी कमाल समजावी, आणि आपल्या ८९ ची तुलना तिच्याशी करावी.

प्रश्न : बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे मृत्यू झाल्याच्या बातम्या हिवाळ्यात वाचतो. गॅसगळती नसतानाही हे का घडते? मर्यादक अभिक्रियाकारकाशी याचा संबंध असल्याचे माझी नात सांगते. – एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : आपली नात बरोबर सांगते, आणि हा संबंध घरोघरी माहीत असायला हवा. सिलिंडरमधील गॅस प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. हिशेबासाठी तो ब्युटेन धरू. ब्युटेनचे २ रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे १३ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. वजनात सांगायचे तर १ किलो गॅसला सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन, आणि त्यासाठी साधारण १३ घनमीटर हवा. दीड मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच न्हाणीघरात एकूण हवा असते ४.३ घनमीटर. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर त्या खोलीतला सगळा ऑक्सिजन ३३० ग्रॅम गॅसलाच संपेल. उघड्या जागेत गॅस मर्यादक असतो. बंद खोलीत ती जागा ऑक्सिजन घेऊ लागतो.

अभिक्रिया तिथे नुसती थांबली असती तर ज्योत विझली असती आणि माणूस बाहेर आला असता. पण ऑक्सिजन कमी पडला की अभिक्रिया दुसऱ्या वाटेने जाते. ब्युटेनच्या त्याच २ रेणूंना ऑक्सिजनचे ९ रेणू मिळाले तर, कागदावरच्या हिशेबाने, सगळा कार्बन मोनॉक्साइड होतो. ११ मिळाले तर अर्धा डायऑक्साइड आणि अर्धा मोनॉक्साइड. आणि हे व्हायला ऑक्सिजन पूर्ण संपावा लागत नाही. खोलीतील त्याचे प्रमाण काही टक्क्यांनी घसरले की ज्योतीत अपुरे ज्वलन सुरू होते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गळती ओळखता यावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये वासाचा पदार्थ मिसळलेला असतो, पण तो ज्वलनात जळून जातो आणि म्हणून इथे कामी येत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे डोके जड होणे आणि शुद्ध हरपणे यांत माणसाला सावध व्हायला पुरेसा अवधी मिळत नाही. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत आणावा. तो आत बसवलेला असेल तर ज्वलनाचे वायू नळीने बाहेर गेले पाहिजेत आणि ताजी हवा आत येण्याची जाळी कायम उघडी राहिली पाहिजे. थंडी वाजते म्हणून ती कापडाने बुजवू नये. शक्य असेल तर आपण हे आजच पाहून घ्यावे.

प्रश्न : मी औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात प्रॉडक्शनमध्ये नवीन लागलो आहे. बॅच शीटवर एक कच्चा माल १ इक्विव्हॅलंट आणि दुसरा १.१५ इक्विव्हॅलंट असे लिहिलेले असते. दुसरा मुद्दाम जास्त का चार्ज करतात? आणि प्रत्येक स्टेजचा यील्ड ९० टक्के असताना शेवटी एवढा कमी माल का मिळतो? – एक वाचक, पालघर जिल्हा

उत्तर : इक्विव्हॅलंट म्हणजे समीकरणाच्या प्रमाणात मोजलेला मोलांचा हिस्सा. बॅच शीटवरचा १ इक्विव्हॅलंट म्हणजे मर्यादक, आणि तो बहुधा सर्वांत महाग किंवा बनवायला सर्वांत कठीण पदार्थ असतो. त्याचा कण न् कण वापरला जावा म्हणून स्वस्त आणि नंतर सहज धुऊन काढता येणारा पदार्थ १५ टक्के जास्त घालतात. हा आकडा सोयीप्रमाणे वाढवू नये. जास्तीचा माल शेवटी सांडपाण्यात किंवा मदर लिकरमध्येच (स्फटिक गाळल्यावर उरणाऱ्या द्रवात) जातो, आणि काही अभिक्रियांत तो दुसऱ्या जागी जोडला जाऊन अशुद्धी वाढवतो. चार्ज करताना शुद्धताही पाहा : पिंपावर १०० किलो लिहिलेले असले आणि अस्से, म्हणजे तपासणीत आढळलेली शुद्धता, ९२ टक्के असला तर हिशेबात ९२ किलोच धरायचे. ओल्या केकच्या (गाळून काढलेल्या ओल्या घन पदार्थाच्या) बाबतीत वाळवताना घटणाऱ्या वजनाची टक्केवारीही आधी वजा करावी. कमी उताऱ्याची तक्रार पुष्कळदा इथेच मिटते, कारण मर्यादक पदार्थ समजला त्याहून कमीच रिॲक्टरमध्ये गेलेला असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुणाकारात आहे. सहा स्टेजेस प्रत्येकी ९० टक्क्यांनी झाल्या तर शेवटी ०.९ चा सहा वेळा गुणाकार, म्हणजे ५३ टक्केच उरतात. तीनच स्टेजेस असत्या तर ७३. म्हणून एखाद्या स्टेजचा यील्ड ९० वरून ९२ वर नेण्यापेक्षा एक स्टेज कमी करणे कित्येकदा अधिक लाभाचे ठरते. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ब्रिटनच्या बूट्स कंपनीची मूळ पद्धत सहा पायऱ्यांची होती. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये सुरू झालेल्या कारखान्यात ते तीन पायऱ्यांत बनू लागले.

त्याच उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, जी यील्डच्या आकड्यात दिसत नाही. उतारा १०० टक्के आला तरी समीकरणातच जर उपउत्पादिते निघत असतील, तर घातलेल्या अणूंपैकी पुष्कळसे कचऱ्यात जातात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये यासाठी अणु-काटकसर, म्हणजे ॲटम इकॉनॉमी, ही मोजणी सुचवली : हव्या असलेल्या उत्पादिताचे रेणुवस्तुमान भागिले सर्व अभिक्रियाकारकांच्या रेणुवस्तुमानांची बेरीज. आयबुप्रोफेनच्या जुन्या पद्धतीत ती ४० टक्के होती, नव्या पद्धतीत ७७ टक्के झाली, आणि उपउत्पादित म्हणून निघणारे ॲसेटिक ॲसिड परत मिळवून वापरले तर ती ९९ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्या प्लान्टमधील एखाद्या स्टेजचे संतुलित समीकरण घेऊन ही संख्या स्वतः काढून पाहा आणि ती त्याच स्टेजच्या यील्डशेजारी लिहा. मदर लिकर आणि सांडपाण्याच्या टाकीत रोज काय जाते, ते त्या दोन आकड्यांवरून बरेचसे कळेल.